सात मिनिटं

पेन ड्राइव्हमधला सिनेमा मी आधी घरी पाहिला होता,
एकटीनं, कुकरच्या शिट्ट्या मोजत.
पाणमांजराचं पिल्लू, त्याची आई, गोठलेली नदी.
एकविसाव्या मिनिटाला आई बर्फाखाली जाळ्यात अडकते
आणि पिल्लू वरून नखं घासत राहतं.
अठ्ठाविसाव्याला वसंत येतो, गाणं सुरू होतं.
मी वहीच्या मागे लिहून ठेवलं:
२१ ते २८, नको.

आमच्या शाळेत निम्मी पोरं ढिवरांची.
घरोघरी जाळी वाळत घातलेली.
बर्फ त्यांना ठाऊक तो सिंदेवाहीच्या बाजारातला,
मासोळीच्या पेटीत, भुशासकट.
आणि तिसरीच्या रांगेत ओजल भानारकर,
जिची आई मागच्या कार्तिकात
टायरच्या ट्यूबवर बसून
तलावात शिंगाडे तोडायला गेली
आणि वेलींनी तिला संध्याकाळपर्यंत दिलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा.
निवडणुकीचे जुने फ्लेक्स खिडक्यांना उलटे लावून
आम्ही अंधार केला.
ग्रामपंचायतीचा टीव्ही आधी थोडा वेळ
नुसता निळा राहतो, मग जागा होतो.
पोरं हसली. आई-पिल्लू बर्फावर पोटानं घसरले
तेव्हा क्रिश फरशीवर घसरला,
शर्टाचं बटण तुटेपर्यंत.

एकविसावं मिनिट आलं. मी रिमोट दाबला.
चित्रं धावली: पांढरं, पांढरं, काळं काहीतरी, पांढरं,
आणि फुलं आली.

"लाइट गेलती का मॅडम?" चौथीतल्या कोणीतरी विचारलं.
पिल्लू आता एका म्हाताऱ्या बदकासोबत होतं,
नाचत होतं,
आणि नाचताना मध्येच मागं वळून पाहत होतं.
ते मागं पाहणं कापायचं
माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मधली सुट्टी. पोरं खिचडीकडे पळाली.
ओजल बसून.
"याची माय कोठं गेली?"
गेली असेल दुसऱ्या नदीवर, मी म्हटलं,
आणि माझं मलाच ऐकू आलं.
"तुमी तेवढं पळवलं," ती म्हणाली.
रागानं नाही. फळ्यावरची बेरीज चुकली
की दाखवते, तशी.
"मले बी मावशानं पळवलं होतं.
गाडीवर बसवून नवरगावले. कुरकुरे घेऊन देल्ले.
चार दिवसानं आणलं
तं बाबाच्या डोस्क्यावर केस नव्हते
आन् आत्या मायच्या चपला घालून हिंडे.
सारे जेवत होते."

बाहेर कोणीतरी पातेलं आपटलं.
बी.एड.ला हे नव्हतं.
मी दार लोटलं. मागं नेलं. एकवीस.

बर्फ. जाळं. आईचे डोळे,
दूर कुठल्या तरी देशात खुर्चीवर बसून
कोणीतरी किती निगुतीनं काढलेले.
पिल्लू खरवडतं, थांबतं, खरवडतं.
त्या भागात संगीतच ठेवलेलं नाही,
हे मला घरी कुकरमुळे कळलं नव्हतं.
ओजल टीव्हीपाशी गेली, अगदी जवळ,
आणि काचेवर बोट ठेवलं.
"गाठ ह्या अंगाले हाय," ती म्हणाली.
"खालून सुटते. तिले ठाऊक नाही."

चोविसाव्या मिनिटाला लाइट गेली. खरंच गेली.
काळ्या काचेत आम्ही दोघी.
मी पदराचं टोक हातात घेतलं,
कोणाचे डोळे पुसायला ते ठरलं नव्हतं.
तिनं दप्तरातून ताट काढलं, दारापर्यंत गेली, वळली.
"लाइट आली का तेथूनच लावजा, मॅडम.
मागून नोको. पुढून नोको."

शाळा सुटेपर्यंत लाइट आली नाही.
वहीमागचं २१ ते २८ खोडून
मी २४ लिहिलं.